सही नको, प्रश्न घ्या: मंडळीच्या वडीलमंडळास खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि वडीलमंडळाचे सर्व सभासद,

सप्रेम जय ख्रिस्त.

आपल्या चर्चच्या तरुण संघातील प्रत्येकाने ‘शुद्धता प्रतिज्ञापत्रा’वर सही करावी, आणि जो करणार नाही त्याने गायनवृंद, रविवार शाळा आणि उपासनेतले शास्त्रवाचन यांतून बाजूला व्हावे, असा ठराव आपण केला आहे. पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी आणि तिशीला टेकलेला नोकरदार, दोघांना एकच कागद. लग्नाआधी शरीरसंबंध ठेवणार नाही. विश्वासाबाहेरच्या व्यक्तीशी ‘मैत्रीपलीकडचे’ नाते ठेवणार नाही. आईवडील व पाळक यांच्या परवानगीशिवाय नाते जुळवणार नाही. मुलगा-मुलगी एकट्याने भेटणार नाही. सध्या नाते असल्यास त्या व्यक्तीचे नाव, धर्म आणि मंडळी लिहून देईन. मुलींनी कपड्यांचे अमुक नियम पाळावेत. आणि शेवटी, श्रद्धेविषयी इतरांच्या मनात शंका निर्माण होईल असे बोलणार नाही.

हे कागद वाटायचे आणि सह्या घेऊन परत आणायचे काम आम्हा संघचालकांकडे आले आहे. ते आम्ही करणार नाही. कारणे बंद खोलीत सांगता आली असती. पण ठराव सगळ्या मंडळीसमोर वाचला गेला, आणि असे कागद इतर मंडळ्यांतही फिरतात, म्हणून उत्तरही उघड.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज नको. विवाहाविषयी मंडळीची जी शिकवण आहे तिच्याविरुद्ध हे पत्र नाही. ती शिकवण तरुणांपर्यंत पोहोचवायला तुम्ही जे साधन उचलले आहे, त्याला आमची हरकत आहे.

पहिली हरकत प्रतिज्ञेलाच. डोंगरावरच्या प्रवचनात, बायबलच्या मत्तय ५:३३ ते ३७ मध्ये, प्रभू येशू शपथ वाहूच नका म्हणतो. होय तर होय, नाही तर नाही, एवढे पुरे. उपदेशक ५:४-५ सांगतो की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. शास्ते ११ मध्ये इस्राएलाचा सेनानायक इफ्ताह याने आवेशात केलेल्या नवसाची किंमत त्याच्या मुलीने मोजली. गणना ३० मध्ये तर बापाच्या घरात राहणाऱ्या तरुण मुलीने केलेला नवस बापाने ऐकला त्याच दिवशी मोडीत काढला, तर तिच्यावर त्याचे बंधन राहत नाही. लहान वयातली शपथ कच्ची असते हे नियमशास्त्राला कळत होते. आपण मात्र पंधराव्या वर्षी सही घेणार आणि पंचविसाव्या वर्षी तोच कागद काढून दाखवणार.

बरे, प्रतिज्ञेने काम होते म्हणावे, तर तेही तपासून झाले आहे. अमेरिकेत सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांनी १९९३ साली अशा प्रतिज्ञांची मोठी चळवळ सुरू केली आणि लाखो मुलामुलींनी सह्या केल्या. पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रतिज्ञा घेणाऱ्यांचा पहिला शरीरसंबंध सरासरी सुमारे अठरा महिने लांबलेला दिसला. हे वाचून आनंद वाटेल, पण पुढेही वाचा: हा परिणाम प्रतिज्ञा घेणारे अल्पसंख्य असतील तिथेच दिसत होता, आजूबाजूला पुष्कळ जण तीच प्रतिज्ञा घेतात तिथे तो नाहीसा होत होता. आणि ज्यांची प्रतिज्ञा मोडली त्यांनी पहिल्या वेळी गर्भनिरोधक वापरण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी होते. कारण उघड आहे. तयारी ठेवणे म्हणजे मोडायचे आधीच ठरवले होते असे कबूल करणे. २००९ साली जॅनेट रोझेनबॉम यांच्या अभ्यासात, प्रतिज्ञा घेणाऱ्यांची तुलना तशाच धार्मिक, तशाच विचारांच्या पण प्रतिज्ञा न घेतलेल्या तरुणांशी केली गेली. पाच वर्षांनी शरीरसंबंध ठेवण्याच्या बाबतीत दोघांत फरक नव्हता. प्रतिज्ञा घेतलेल्यांपैकी ८२ टक्क्यांनी तर आपण अशी काही प्रतिज्ञा घेतल्याचेच नाकारले.

सगळ्यांना सक्तीने सही करायला लावणे म्हणजे त्या अभ्यासात जिथे गुण आला नाही नेमकी तीच परिस्थिती ओढवून घेणे.

मंडळीत प्रत्यक्षात काय होईल ते सांगतो. जो प्रामाणिक आहे, ज्याला सही करताना हात अडखळतो, तो गायनवृंदातून उतरेल. ज्याला खोटे बोलायला काही वाटत नाही तो सही करून पुढच्या रांगेत उभा राहील. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. आणि उतरलेला पंधरा दिवसांत उपासनेलाही येईनासा होतो, कारण रविवारी समोरच्या रांगेत आपली जागा रिकामी का, हे शंभर डोळे विचारत असतात.

दुसरी हरकत नाव लिहून देण्याला. ज्या व्यक्तीचे नाव लिहायचे ती कदाचित आपल्या मंडळीचीही नाही. तिला न विचारता तिचे नाव आणि धर्म कागदावर घ्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? कागद कोणत्या कपाटात राहणार, किल्ली कोणाकडे, किती वर्षांनी फाडणार, याबद्दल ठरावात एक ओळ नाही. नाते तुटले की नाव खोडायचे का? कोणी खोडायचे? अशी यादी बाहेर पडली तर एखाद्या मुलीच्या घरी काय होऊ शकते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

शिस्तीचा मार्ग प्रभूने मत्तय १८:१५-१७ मध्ये पायऱ्या घालून दिला आहे. आधी एकट्याला गाठून बोला. ऐकले नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा. तेव्हाही ऐकले नाही तर मंडळीला सांगा. प्रतिज्ञापत्र पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारते, आणि तीही अजून कोणी काही केलेले नसताना.

आता विश्वासाबाहेरच्या नात्याचे कलम. इथे थोडे थांबतो, कारण संघात सर्वांत जास्त प्रश्न याच विषयावर येतात आणि सर्वांत तुटपुंजी उत्तरेही याच विषयावर मिळतात. उत्तर म्हणून २ करिंथ ६:१४ फेकले जाते: विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका. बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नये, या बायबलमधील अनुवाद या पुस्तकातल्या २२:१० मधल्या नियमाची तिथे आठवण आहे. पण तो उतारा पुढे वाचला तर प्रेषित पौल मूर्ती, मंदिर आणि उपासना यांबद्दल बोलतो. लग्नाचे नाव त्यात नाही. तत्त्व म्हणून तो लग्नाला लावता येतो, नाही असे नाही. मात्र लग्नाविषयी थेट बोलणारे वचन १ करिंथ ७:३९ आहे, जिथे विधवेने हव्या त्या माणसाशी लग्न करावे, फक्त ‘प्रभूमध्ये’, असे पौल म्हणतो. आणि त्याच अध्यायाच्या १२ ते १४ या वचनांत तो म्हणतो की जोडीदार विश्वासणारा नसला, तरी तो एकत्र राहायला तयार असेल तर त्याला सोडू नये. पौलाचा सहकारी तीमथ्य याची आई यहूदी विश्वासणारी आणि बाप ग्रीक होता, हे प्रेषितांची कृत्ये १६:१ मध्ये आहे; त्याच तीमथ्याच्या आजीच्या आणि आईच्या, लोईस व युनीके यांच्या, विश्वासाची पौल पुढे नाव घेऊन वाखाणणी करतो. परक्या राष्ट्रातली, मवाबी रूथ मत्तयाच्या पहिल्या अध्यायात प्रभूच्या वंशावळीत आहे.

याचा अर्थ काहीही चालते असा नाही. तरुणांना संपूर्ण अध्याय वाचून दाखवा, एवढाच. अर्धे वचन सांगितले की उरलेले अर्धे ते स्वतः शोधतात, आणि मग सांगणाऱ्यावरचा भरवसा जातो.

शिवाय या कलमात एक साधे गणित विसरले गेले आहे. बहुतेक ठिकाणी उपासनेला पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त येतात. समजा एखाद्या संघात लग्नाच्या वयाच्या चौदा मुली आणि सहा मुलगे आहेत, आणि सगळ्यांनी संघातच लग्न केले, तरी आठ मुली उरतात. त्यांना तुम्ही काय सांगणार? ‘देवाची वेळ येईल’ हे उत्तर त्या कित्येक वर्षे ऐकत आल्या आहेत. अविवाहित राहणे हे पौलाने १ करिंथ ७:८ मध्ये चांगले म्हटले आहे, पण मंडळीच्या कार्यक्रमांत पस्तिशीच्या अविवाहित स्त्रीला जागा कुठे आहे? जोडप्यांच्या संगतीत ती बसत नाही आणि तरुण संघात तिला ताई म्हणून चहाची व्यवस्था दिली जाते.

ज्याचे किंवा जिचे दुसऱ्या धर्माच्या वा पंथाच्या व्यक्तीवर आधीच प्रेम बसले आहे, त्याला किंवा तिला नकारापेक्षा माहिती लागते. कागदावर उतरवून बोलायचे प्रश्न हे: लग्न कोणत्या विधीने आणि कोणासमोर? कायदेशीर नोंद कुठे, तिला किती दिवस आधी सूचना द्यावी लागते? कोणी धर्म बदलणार आहे का, आणि ते मनापासून की लग्नापुरते? मुलांचा बाप्तिस्मा होणार का, हे कोण ठरवणार? दशांश द्यायचा तर कोणाच्या पगारातून? दोन्हीकडच्या सणांत कुठवर सहभाग? रविवारी एकट्याने उपासनेला जायची तयारी आहे का, दहा वर्षांनीही? आणि ज्याला कोणी हात घालत नाही तो प्रश्न: अंत्यविधी कसा? या आठांपैकी निम्म्यांवर दोघे गप्प बसत असतील तर लग्न लांबवावे. हा सल्ला कोणत्याही बंदीपेक्षा जास्त जणांना वाचवतो, कारण तो ऐकून घेतला जातो.

जोडीदार कॅथॉलिक असेल तर आपल्याकडे सर्रास चुकीची माहिती दिली जाते. ‘ते तुझ्याकडून मुलांबद्दल लिहून घेतील’ असे सांगून तरुणांना घाबरवतात. कॅथॉलिक धर्मसंहितेच्या १९१७ च्या रूपात तशी हमी दोघांकडून घेतली जात होती. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी ते बदलले. १९८३ च्या संहितेतील ११२५ व्या नियमानुसार वचन फक्त कॅथॉलिक जोडीदार देतो: स्वतःचा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथॉलिक मंडळीत बाप्तिस्मा व संस्कार मिळावेत म्हणून आपल्या परीने सर्व प्रयत्न करीन. दुसऱ्याला या वचनाची वेळेवर कल्पना दिली जाते. त्याच्याकडून सही मागितली जात नाही. जोडीदार दुसऱ्या पंथाचा पण बाप्तिस्मा झालेला असेल तर बिशपांच्या अधिकारातून परवानगी लागते, बाप्तिस्मा झालेला नसेल तर १०८६ व्या नियमाप्रमाणे सूट लागते, आणि ती न घेता केलेले लग्न ते वैध धरत नाहीत. म्हणून या अर्जासाठी महिने हाताशी ठेवावे लागतात, आठवडे नव्हे. एवढी माहिती वेळेवर मिळाली असती तर काही जोडप्यांचे अश्रू वाचले असते.

आईवडील आणि पाळक यांच्या परवानगीचे कलम ‘मंडळीची परंपरा’ म्हणून मांडले आहे. परंपरा एवढी सरळ नाही. मध्ययुगात दोघांनी एकमेकांना संमती दिली की, याजक नसला तरी, लग्न वैध ठरत होते. त्यातून लपूनछपून केलेल्या लग्नांचा घोळ झाला. १५६३ साली कॅथॉलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने याजक आणि दोन-तीन साक्षीदार आवश्यक केले, पण आईवडिलांची संमती नसलेले लग्न रद्दबातल धरावे हे मत तिने मान्य केले नाही. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथर आईवडिलांच्या संमतीच्या बाजूचा होता, तरी १५२४ साली त्यानेच लिहिले की आईवडिलांनी मुलांना लग्नाची जबरदस्ती करू नये आणि त्यांची वाटही अडवू नये. आईवडिलांचा सल्ला घ्या, हे आम्हीही सांगतो. परवानगीपत्रक ही वेगळी गोष्ट आहे.

एकट्याने भेटू नये, या कलमाबद्दल थोडक्यात. योहान ४ मध्ये प्रभू विहिरीजवळ एका शोमरोनी स्त्रीशी एकटाच बोलत होता. शिष्यांना आश्चर्य वाटले, तरी कोणी विचारले नाही. दोन प्रौढ माणसे चहाच्या टपरीवर बसून बोलली तर चारित्र्य जात नाही. उलट चारचौघांत भेटायची बंदी केली की भेटी आडबाजूला होतात, आणि खरा धोका तिथे असतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी नियम हवेच, पण ते मुलांवर नव्हे, मोठ्यांवर: कोणताही चालक, शिक्षक किंवा वडीलमंडळाचा सभासद एखाद्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही, रात्री खासगी संदेश पाठवणार नाही, गाडीतून एकट्याला सोडणार नाही. हे प्रतिज्ञापत्रात कुठेच नाही. आमच्यावर, म्हणजे चालकांवर, एकही कलम नाही! संघचालकाने ज्याला आपण सल्ला देतो त्या सभासदाशी नाते जुळवू नये, एवढे साधे बंधनही कोणाला सुचले नाही.

कपड्यांचे कलम फक्त मुलींना आहे. मत्तय ५:२८-२९ मध्ये नजर वाईट असेल तर ती ज्याची आहे त्याने आपलाच डोळा उपटावा असे आहे. यावर जास्त लिहीत नाही.

आता प्रतिज्ञापत्रात जे नाही त्याबद्दल. आमची खरी चिंता तिथेच आहे.

एखादा मुलगा प्रार्थनेला नियमित येतो, गिटार वाजवतो, विश्वासाबाहेरचा नाही, शरीरसंबंधही नाही. तो मैत्रिणीच्या फोनचा पासवर्ड मागतो, तिचे लोकेशन दिवसभर चालू ठेवायला लावतो, जुन्या मैत्रिणी तोडायला सांगतो, सोडून गेलीस तर जिवाचे बरेवाईट करीन म्हणतो. तिने विरोध केला की इफिस ५:२२ ऐकवतो, आधीचे २१ वे वचन गाळून, ज्यात एकमेकांच्या अधीन राहायला सांगितले आहे, आणि पत्नी व मैत्रीण यांतला फरकही गाळून. तुमच्या कागदावर या मुलाला शंभरपैकी शंभर गुण आहेत.

‘देवाने मला दर्शन दिले, तूच माझी बायको होणार’, हा दुसरा प्रकार. ऐकणारी सोळा-सतरा वर्षांची असेल तर नाही कोणाला म्हणायचे, मुलाला की देवाला, हे तिला कळत नाही. संघात आम्ही एक नियम लावू इच्छितो: मागणी घालताना देवाचे नाव वापरायचे नाही. ‘मला तू आवडतेस’ असे स्वतःच्या नावावर म्हणायचे. देवाला खरोखर काही सांगायचे असेल तर ते तिलाही कळेल.

तिसरा, फोटोंची धमकी. खासगी फोटो पाठवले गेले, नाते तुटले, आणि आता ते पसरवीन म्हणून पैसे किंवा भेट मागितली जाते. अशा वेळी करायचे ते असे: पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून संदेश पुसायचे नाहीत. आधी स्क्रीनशॉट, त्यात खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल असे. मग ते खाते त्या ॲपवर रिपोर्ट करायचे, त्यानंतर ब्लॉक. विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला सांगायचे आणि पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार द्यायची. फोटो अठरा वर्षांखालील मुलाचा किंवा मुलीचा असेल तर ‘पाहून खात्री करतो’ म्हणून तो कोणीही स्वतःच्या फोनवर मागवून घ्यायचा नाही. प्रतिज्ञापत्र इथे काय करते? ज्या मुलीने सही केली आहे ती तक्रार घेऊन येऊच शकत नाही, कारण पहिली गुन्हेगार तीच ठरते. धमकी देणाऱ्याच्या हातात आपण आणखी एक कागद देतो.

आणि प्रार्थनेचे विषय. बुधवारच्या सभेत ‘अमुक बहिणीच्या मुलीसाठी प्रार्थना करा, ती भरकटली आहे’ असे म्हटले की शुक्रवारपर्यंत सगळ्यांना ठाऊक. कुजबुजीला प्रार्थनेचा झगा चढवला की तिला कोणी अडवत नाही. ज्याचा विषय मांडायचा त्याची परवानगी आधी घ्यावी; नसेल तर नाव न घेता प्रार्थना करावी, देवाला पत्ता माहीत असतो.

गायनवृंदातली जोडी तुटते तेव्हाचीही सोय हवी. आज होते ते असे, की मुलगा राहतो आणि मुलगी गळते. सहा आठवडे दोघांना आळीपाळीने एकेक रविवार द्यावा, सराव वेगवेगळ्या दिवशी ठेवावा, त्यामागचे कारण कोणी विचारू नये, आणि दोघांपैकी कोणालाही कायमचे काढू नये. एवढ्याने निभावते.

शंकेचे कलम सर्वांत वाईट आहे. मार्क ९:२४ मध्ये एक बाप रडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. आणि त्याच्या मुलाला बरे केले जाते. स्तोत्र ८८ काळोखावर संपते, दिलाशाची एकही ओळ शेवटी नाही, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. आपल्या तरुण उपासनेत गायली जाणारी गाणी काढून पाहा, विलापाचे एक तरी सापडते का! विज्ञान शिकणाऱ्या मुलाला उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाबद्दल प्रश्न पडतो, आजारी भावासाठी प्रार्थना करून तो गेलेल्या मुलीला प्रार्थनेबद्दल प्रश्न पडतो, रविवारी कामाची पाळी लागणाऱ्या परिचारिकेला शब्बाथाबद्दल, म्हणजे विसाव्याच्या दिवसाबद्दल. हे प्रश्न इथे विचारले नाहीत तर ते फोनवर विचारले जातात, आणि तिथे उत्तर देणाऱ्याला या मुलांची नावेही ठाऊक नसतात.

यावर पर्याय काय, असे आपण विचाराल. आम्ही सुचवतो ती प्रश्नसभा, महिन्यातून एकदा, नव्वद मिनिटे. पंधरा ते सतरा वयाचा गट वेगळा, अठरा आणि पुढचा वेगळा. एका गटात आठ ते बारा जण. दोन चालक, एक स्त्री आणि एक पुरुष. सगळ्यांना एकसारखे कागद आणि एकसारखी पेने द्यायची, आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचेच. प्रश्न नसेल तर एखादे वचन उतरवून काढायचे, म्हणजे कोणाचे पेन चालते आहे यावरून ओळख पटत नाही. हस्ताक्षर आम्ही ओळखतो, म्हणून चिठ्ठ्या दुसऱ्या मंडळीतल्या माणसाने वाचून दाखवाव्यात आणि सभा संपताच फाडाव्यात. एका बैठकीत चार-पाच प्रश्न पुरेत.

बिघडते कुठे तेही सांगून ठेवतो. पहिल्या सभेत निम्म्या चिठ्ठ्या थट्टेच्या निघतात. हसून पुढे जावे, रागावले की दुसऱ्या सभेत कोऱ्या येतात. वडीलमंडळातील कोणी ‘नुसते ऐकायला’ बसले की सभा मेली. तीस सेकंदांत वचन सांगून विषय मिटवला की तो प्रश्न पुन्हा येत नाही. चालक स्वतःची साक्ष देऊ लागला की वेळ त्यातच जातो. आणि गुप्ततेचे वचन देताना तीन अपवाद आधीच मोठ्याने सांगायचे: कोणी जीव देण्याचे बोलत असेल, कोणा अल्पवयीनावर अत्याचार होत असेल, किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, तर ते आमच्यापाशी राहणार नाही, योग्य ठिकाणी जाईल. हे नंतर सांगितले तर तो विश्वासघात वाटतो.

विवाहपूर्व मार्गदर्शनाचीही आज दशा अशी आहे: पत्रिका छापून, सभागृह ठरून झाल्यावर शेवटच्या महिन्यात दोन बैठका. त्या वेळी कोणाला माघार घ्यायची असली तरी घेता येत नाही. ते तारीख जाहीर होण्याआधी, किमान सहा महिने आधी सुरू व्हावे; सहा बैठका, प्रत्येकी दीड तास. पहिलीच बैठक दोघांची वेगवेगळी, आणि त्यात एकच प्रश्न नीट विचारायचा: हे लग्न तुम्ही कोणाच्या दबावाखाली करत आहात का? दुसरी पैशांची: दोघांनी आपापली मिळकत, कर्ज, घरच्यांना द्यायची रक्कम कागदावर आणायची. पुढे राहायचे कुठे, मुले, भांडण झाल्यावर कोण बोलायचे थांबतो आणि किती दिवस, आरोग्य तपासण्या, शरीरसंबंध. शेवटच्या दोन विषयांना डॉक्टर बोलवावा. पाळकसाहेब, आपल्यालाही ते सोपे जाईल. आणि लग्न पुढे ढकलणे किंवा मोडणे हे अपयश मानले जाणार नाही, असे पहिल्याच दिवशी सांगावे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा:

१. प्रतिज्ञापत्राचा ठराव मागे घ्यावा आणि तसे उपासनेत वाचून दाखवावे. जिथे ठराव वाचला तिथेच.

२. ज्यांनी सह्या करून दिल्या आहेत त्यांचे कागद त्यांच्या हाती परत द्यावेत. प्रती, फोटो, यादी काही ठेवू नये.

३. सही न केल्यामुळे कोणालाही सेवेतून काढू नये. सेवेविषयी तक्रार असेल तर मत्तय १८ च्या पायऱ्यांनी जावे.

४. अठरा वर्षांखालील मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम तीन महिन्यांत करावेत. ते आम्हा चालकांना आणि आपल्यालाही लागू असावेत. तक्रार घेणाऱ्या दोघांपैकी एक स्त्री असावी आणि एक जण वडीलमंडळाबाहेरचा असावा.

५. प्रश्नसभेला खोली, महिन्यातला एक शनिवार आणि आपली गैरहजेरी द्यावी.

६. विवाहपूर्व मार्गदर्शनाचा क्रम आणि आंतरधर्मीय व आंतरपंथीय विवाहांची माहिती देणारे एक पत्रक, वकिलाकडून तपासून, छापावे.

७. तरुण संघाविषयीचा कोणताही ठराव करण्याआधी संघाच्या दोन प्रतिनिधींना, एक मुलगा आणि एक मुलगी, बैठकीत बसवून त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे.

वार्षिक सभेपूर्वी लेखी उत्तर मिळावे ही विनंती. बोलायला आम्ही कधीही येऊ. दिवस आपण ठरवावा. तोपर्यंत कोऱ्या प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे न वाटता कार्यालयात परत ठेवले आहेत, आणि रविवारचा सराव नेहमीच्या वेळी, सही केलेल्या आणि न केलेल्या सगळ्यांसह होईल.

आपले नम्र,
तरुण संघाचे चालक